बावर्ची : शब्द कुठून आला, मान कुठे गेला

दरवर्षी जून महिन्यात शाळा सुरू झाली की आमच्याकडे आठवीच्या वर्गाचा हजेरीपट येतो आणि त्यासोबत मुलींचे माहितीचे तक्ते भरून घेण्याचे काम. नाव, वालिदचे नाव, पत्ता, जन्मतारीख आणि 'पेशा'. एका वर्षी या पेशाच्या रकान्यात एका मुलीने 'केटरिंग' असे लिहिले. तिच्या मोठ्या भावाला आम्हीच शिकवले होते. त्याच्या तक्त्यात त्याच जागी त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने 'बावर्ची' लिहिले होते, हे आम्हांला पक्के आठवत होते. सहज म्हणून विचारले, "बेटी, अब्बांनी धंदा बदलला का?" ती मान खाली घालून उभी राहिली. मागच्या बाकावरून कुणीतरी दबक्या आवाजात 'बावर्ची की बेटी' म्हणाले आणि वर्ग फिदीफिदी हसला.

हसणाऱ्या मुलींच्या घरचे वलीमे, अकीके, बरसीचे जेवण याच माणसाच्या हातचे होते. त्याच्या देगेचा दम उघडला की अख्ख्या मोहल्ल्याला वास जातो आणि माणसे नमाजेहून परतताना पावले जरा भरभर टाकतात. पण खाणे वेगळे आणि खाऊ घालणाऱ्याला मान देणे वेगळे.

वर्ग गप्प करायचा म्हणून आम्ही खडू उचलला आणि फळ्यावर तो शब्द दोन तुकड्यांत लिहिला : बावर आणि ची. फारसीत 'बावर' म्हणजे विश्वास. उर्दूत 'बावर करना', 'बावर आना' आपण आजही म्हणतो. 'ची' हा तुर्की प्रत्यय. ज्या शब्दाला तो लागतो त्या गोष्टीचे काम करणारा माणूस तयार होतो : तोपेवरून तोपची, खजान्यावरून खजानची, तबल्यावरून तबलची. (मराठीतली 'घरची', 'दारची' ही ची वेगळी. मुली दोन्हींचा घोळ घालतात म्हणून सांगितले.) तर मग बावर्ची म्हणजे कोण? ज्याच्यावर बादशहाचा भरोसा आहे तो. बादशहा वजिरावर संशय घेईल, भावावर घेईल, पण घास तोंडात घालताना बावर्चीवर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. हा अर्थ आम्हांला आमच्या एका बुजुर्ग उस्तादांनी सांगितला होता आणि आम्ही तो वर्षानुवर्षे जपून ठेवला होता. वर्ग शांत झाला. त्या मुलीने मान वर केली. तास संपला तेव्हा आम्ही स्वतःवर बेहद्द खूष होतो.

दिवाळीच्या सुटीत कळले की आम्ही जे सांगितले ते चूक होते.

'ची'बद्दलचे बरोबर होते, 'बावर'बद्दलचे नाही. हा शब्द फारसीत जन्मलेलाच नाही. तो आला मंगोलांच्या तंबूतून. मूळ मंगोल रूप 'बाउरची'. फारसी लिहिणाऱ्यांनी तो आपल्या लिपीत उतरवला तेव्हा त्याची सुरुवात 'बावर'सारखी दिसू लागली आणि पुढच्या पिढ्यांनी त्यात विश्वास शोधला. शब्दाचे मूळ माहीत नसले की माणसे त्याला आपल्या ओळखीचा बाप मिळवून देतात.

मंगोल भाषेतला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ म्हणजे तेराव्या शतकातला 'मंगोलांचा गुप्त इतिहास'. त्यात तेमुजिन, म्हणजे पुढचा चंगेजखान, 1189 च्या सुमारास आपल्या टोळीचा खान झाला तेव्हा त्याने कोणाला कोणते काम दिले याची हकीकत आहे. धनुष्यबाण बाळगणारे चार जण नेमले आणि लगोलग तिघे बाउरची नेमले. सकाळचे पेय चुकू देणार नाही, संध्याकाळच्या पेयात कसूर करणार नाही, अशा अर्थाचा शब्द त्यांनी दिला. या तिघांतला एक, ओंग्गूर, हा तेमुजिनचा चुलतभाऊ होता. आपल्याकडे कोणी नवा राजा गादीवर बसल्यावर चुलतभावाला चुलीवर बसवले असते, तर त्या भावाने तेव्हाच तलवार उपसली असती! पण तिथे हा अपमान नव्हता. घोडे सांभाळणे, शस्त्र सांभाळणे आणि अन्न सांभाळणे ही तिन्ही कामे खानाच्या जवळच्या माणसांची होती.

1206 मध्ये सगळ्या टोळ्या एक होऊन चंगेजखानाची सत्ता पक्की झाली, तेव्हा ओंग्गूर आणि बोरोखुल या दोन बाउरचींना त्याने एक काम सोपवले. मोठ्या मजलिसीत एकाने उजव्या बाजूच्या आणि दुसऱ्याने डाव्या बाजूच्या बैठकीला अन्न वाटायचे. वाचायला साधे वाटते. पण टोळीच्या राज्यात कोणाला कोणता तुकडा, कोणाच्या आधी, किती, यावर माणसाची पत ठरत असे. वाढणाऱ्याचा हात चुकला तर रक्त सांडे. आपल्याकडच्या लग्नात समधीच्या ताटात नळीची बोटी पडली नाही तर काय होते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

बोरोखुलची कथा तर डोळ्यांसमोर उभी राहते. शत्रूच्या तळावर सापडलेले हे पोर चंगेजखानाच्या आईने, होएलुनने, आपल्या तंबूत वाढवले. पुढे तो चंगेजखानाच्या चार निवडक सरदारांत गणला गेला, लढाया लढला आणि लढाईतच मेला. म्हणजे बाउरची आणि सेनापती एकच माणूस. त्याची बायको अल्तानी एकदा होएलुनच्या तंबूत बसली होती. एक वैरी भुकेचे निमित्त करून आत शिरला आणि चंगेजखानाच्या पाच वर्षांच्या मुलाला, तोलुईला, बगलेत मारून बाहेर पळाला. पळता पळता त्याने सुरा काढला. अल्तानी मागे धावली, एका हाताने त्याची शेंडी आणि दुसऱ्या हाताने सुऱ्याचा हात धरला आणि असा हिसका दिला की सुरा खाली पडला. तंबूच्या मागे दोघे जण जेवणासाठी काळा बैल कापत होते. तिची हाक ऐकून ते रक्ताळलेल्या कुऱ्हाडी घेऊनच धावून आले आणि मूल वाचले.

इतिहास शिकवताना इथे आमची जीभ अडखळते. कारण हा वाचलेला तोलुई म्हणजे हुलागूचा बाप. आणि हुलागू म्हणजे 1258. बगदाद जळाले, खलिफा मारला गेला, आणि तिथली ग्रंथालये उद्ध्वस्त झाली त्याचे दुःख आपण आजही सांगतो. त्याच बगदादमध्ये त्याआधी 32 वर्षे, 1226 साली, मुहम्मद बिन हसन अल-बगदादी नावाच्या गृहस्थांनी 'किताब अल-तबीख' हा पाककृतींचा ग्रंथ लिहिला होता. खाण्याचा आनंद हा सगळ्या आनंदांत श्रेष्ठ, असे मानणारा तो माणूस. अशा शहरावर घोडे घालणारे लोक सोबत आपला स्वयंपाकीही घेऊन आले आणि त्याचे नाव इराणात ठेवून गेले. अरबीत स्वयंपाक्याला 'तब्बाख' हा चांगला शब्द होता. फारसीतही शब्द होते. तरी दरबारात रुजला तो मंगोलांचा, कारण दरबार त्यांचा होता. पुढे तेच मंगोल राजे इस्लाममध्ये आले आणि शब्दही आपला झाला.

त्या काळात या शब्दाचे वजन केवढे होते, ते एका माणसावरून कळते. चीनमधल्या कुबलाईखानाच्या दरबारातून पुलाद नावाचा एक मोठा अमीर इराणात वकील म्हणून आला आणि तिथेच राहिला. तो वजिराच्या तोलाचा होता आणि बाउरचीही होता. रशीदुद्दीन फजलुल्लाह यांनी 'जामिउत्तवारीख' लिहिताना मंगोलांची माहिती विचारून घेतली ती प्रामुख्याने याच पुलादकडून. जगाचा इतिहास लिहिणाऱ्याला माहिती पुरवणारा माणूस बावर्ची होता, हे आमच्या आठवीच्या पुस्तकात असते तर त्या दिवशी वर्ग हसला नसता असे आम्हांला वाटते. बावर्चीच कशाला, उस्मानी तुर्कांच्या जानिसारी फौजेत पलटणीच्या अधिकाऱ्याला 'चोरबाजी' म्हणजे शोरबावाला म्हणत. पलटणीची इज्जत तिच्या देगेत असे, आणि ती देग उपडी केली की बंड झाले असे समजावे. 1826 मध्ये ती फौज मोडीत निघेपर्यंत हा रिवाज होता.

आता हिंदुस्थानात येऊ. बाबर पानिपतची लढाई जिंकला एप्रिल 1526 मध्ये. हिंदुस्थानी पदार्थ त्याने चाखले नव्हते, म्हणून इब्राहीम लोदीचे पन्नास-साठ बावर्ची समोर बोलावून त्यांतले चार त्याने ठेवून घेतले. इब्राहीमच्या आईला ही संधी वाटली. तिने एका दासीच्या हाती तोळाभर विष कागदात बांधून अहमद नावाच्या चाश्नीगीराकडे, म्हणजे अन्न चाखून पाहणाऱ्या नोकराकडे पाठवले, आणि अहमदने चार परगण्यांचे आमिष दाखवून एका बावर्चीला फितवले. 21 डिसेंबर 1526 चा तो शुक्रवार. देगेत विष घालणे शक्य नव्हते, कारण देगेतले अन्न आधी बावर्चीलाच खायला लावा असा बाबरचा सक्त हुकूम होता. म्हणून रकाबीत मांडलेल्या पातळ रोट्यांवर अर्धी पूड भुरभुरली आणि वर तुपात तळलेले पदार्थ रचले. उरलेली अर्धी घाबरून चुलीत टाकली. बाबरने सशाचे मांस खाल्ले, तळलेले गाजर खाल्ले, त्या रकाबीतले दोन-चार घास घेतले आणि त्याचे पोट ढवळले. दस्तरख्वानावर त्याला कधी उलटी झाली नव्हती. त्याला संशय आला. ओकारी कुत्र्याला घातली, कुत्रा फुगून पडला. पुढची हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे : चाश्नीगीराचे तुकडे केले, बावर्चीची जिवंतपणी कातडी सोलली, एका बाईला हत्तीच्या पायी दिले, दुसरीला बंदुकीने उडवले.

आम्ही ही हकीकत वाचली तेव्हा आमच्या उस्तादांची आठवण झाली. शब्दाची फोड त्यांची चुकली, पण पेशाचे मर्म त्यांना कळले होते. 'बावर' हा शब्दात नव्हता, कामात होता. आणि एका माणसाने तो मोडला की काय होते हे त्या चुलीने पाहिले. मात्र त्या घटनेनंतर मोगलांनी बावर्चीखान्याला हलके लेखले नाही, उलट त्याचा सरकारी बंदोबस्त केला. अकबराच्या काळचे वर्णन अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. शाही मतबखवर 'मीर बकावल' हा अधिकारी. बादशहा चोवीस तासांत एकदाच जेवी, पण वेळ ठरलेली नसे, म्हणून हुकूम झाल्यापासून तासाभरात शंभर प्रकार समोर येतील अशी तयारी कायम ठेवावी लागे. अन्न आधी शिजवणारे चाखत, मग मीर बकावल. सोन्यारुप्याची भांडी लाल कापडात, तांब्याची आणि चिनीमातीची पांढऱ्या कापडात बांधून त्यांवर मीर बकावलची मोहर लागे. सोबत पदार्थांची यादी जाई, आणि ताटांबरोबर चोपदार चालत. आज बँकेची रोकडसुद्धा इतक्या बंदोबस्तात जात नसेल.

याच अन्नघराचे अरबी नाव, मतबख, दक्षिणेत येऊन मराठी झाले. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांत मुदबखखाना किंवा मुदपाकखाना येतो, आणि पेशवाईतही स्वयंपाकघर म्हणजे मुदपाकखानाच. वरून पाहिले तर भाताची मूद आणि संस्कृत पाक. किती सोज्वळ दिसतो हा शब्द! महाराजांच्या आज्ञेने राजव्यवहारकोश तयार झाला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, तरी मुदपाकखाना लोकांच्या तोंडून गेला नाही. त्याने जानवे घातले होते म्हणून तो निभावला, असा आमचा तर्क आहे. इथेही तेच घडले होते. मूळ विसरले आणि लोकांनी आपल्या ओळखीचा अर्थ भरला. जुन्या मराठीत बावर्चीचा 'बबर्जी' झाला. म्हणजे मराठीने स्वयंपाकघर अरबांकडून घेतले आणि त्यात काम करणारा माणूस मंगोलांकडून, आणि दोघांनाही फारसीच्या दारातून आत आणले.

मान गेला तो इंग्रजांच्या बंगल्यांत. साहेबाच्या घरात स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून दूर, मागच्या अंगाला असे. युल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' कोश 1886 साली निघाला. त्यात आमचा बावर्ची 'बोबाची' होऊन बसला आहे आणि बावर्चीखान्याचे 'बोबाची कॉना'. त्या कोशकारांनी शब्दाचे मूळ चंगेजखानाच्या टोळ्यांपर्यंत नीट नेले, हे त्यांचे श्रेय. पण ज्या साहेबांनी तो शब्द रोज हाक मारायला वापरला, त्यांना त्याच्याशी काय देणेघेणे?

खानसाम्याचे तर याहून वाईट झाले. मोगलांच्या राज्यात 'खान-ए-सामान' किंवा 'मीर सामान' हा बादशहाच्या सगळ्या कारखान्यांचा, खासगी खर्चाचा, वस्त्रांपासून जडजवाहिरापर्यंतच्या सामानाचा मुख्य अधिकारी. शाहजहानचे नामांकित वजीर सादुल्लाह खान 1645 मध्ये वजीर होण्यापूर्वी याच हुद्द्यावर होते. तोच शब्द साहेबाच्या टेबलामागे उभा राहणाऱ्या नोकराला लागला, आणि शेवटी डाक बंगल्यात येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी कोंबडी कापणाऱ्या म्हाताऱ्याला. हुद्दे गेले, हुद्द्यांची नावे नोकरांच्या अंगावर टाकली गेली, उतरवलेला अंगरखा टाकावा तशी. 1972 साली हृषीकेश मुखर्जी यांचा 'बावर्ची' हा चित्रपट आला. त्यात राजेश खन्नाचा बावर्ची गातो, नाचतो, तत्त्वज्ञान सांगतो. लोकांना गंमत वाटली ती याचीच, की बावर्ची असून हा एवढा शहाणा!

दोष फक्त इंग्रजांवर टाकून मोकळे होणे मात्र आम्हांला पटत नाही. हुजूर (स.) यांची शिकवण हदीसमध्ये स्पष्ट आहे : खादिम तुमच्यासाठी जेवण घेऊन आला तर त्याला सोबत बसवा, ते जमत नसेल तर निदान एक-दोन घास त्याच्या हाती द्या, कारण त्याची आच त्यानेच सोसली आहे. आम्ही आमच्या गावात कितीतरी दावती खाल्ल्या. बावर्चीला दस्तरख्वानावर बसलेले पाहिले नाही. सगळे उठले, हात धुतले, पान खाल्ले, की तो मंडपामागे विटांवर बसून देगेच्या तळाचे खातो. आणि हिशेबाच्या वेळी पन्नास रुपयांसाठी त्याच्याशी हुज्जत घालणारे आपलेच हाजीसाहेब असतात.

उन्हाळ्याच्या सुटीआधी आम्ही वर्गात उभे राहून आमची चूक कबूल केली. मास्तरांनी चूक कबूल केली की मुलींना फार आनंद होतो. बावरची फोड खोटी होती असे सांगितल्यावर त्या मुलीचा चेहरा जरा उतरला. मग आम्ही अल्तानीची गोष्ट सांगितली, सुरा, शेंडी, कुऱ्हाडी, सगळे. तिने एकच विचारले, "म्हणजे तीपण बावर्चीच्या घरची होती?" आम्ही हो म्हणालो. पुढे हुलागूचे सांगायचे की नाही याचा क्षणभर विचार केला आणि तेही सांगितले.

त्यानंतर शव्वालमध्ये एका लग्नात तिच्या वडिलांची गाठ पडली. मंडपामागे तीन देगा चढल्या होत्या, हातात कफगीर, डोळे धुराने लाल. मुलीने घरी काहीतरी सांगितले असावे. हसून म्हणाले, "सर, आम्हांला मंगोल केलंत म्हणे." आम्हीही हसलो. बाजूला बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा राखेने भगुणी घासत होता. त्याला काय म्हणता, विचारले. "मसालची. मसाला वाटतो ना, म्हणून."

आम्ही सांगू लागलो की हा शब्द मसाल्याचा नाही, मशालीचा आहे. मशाल धरून रात्री पालखीपुढे चालणारा तो मशालची. बंगालच्या कोठ्यांत मशालीचे काम उरले नाही तेव्हा साहेबांनी त्याला भांडी घासायला बसवले, नाव तेच राहिले. पोरगा घासायचे थांबून ऐकत होता. तेवढ्यात मंडपातून हाक आली, नवरदेवाकडची माणसे बसली. बावर्ची देगेकडे धावले आणि त्याला ओरडले, "ए मसालची, रकाब्या आण!" तो राखेचे हात झटकत उठला.